पंचफुलाबाईंचे उकळलेले ग्लास

१४ सप्टेंबर २००९, सोमवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. गोंदिया स्थानकाजवळच्या एका लॉजमध्ये, पहिल्या मजल्यावरच्या १०३ क्रमांकाच्या खोलीत, मी हातमोजे चढवून वॉशबेसिनच्या तोटीवर निर्जंतुक कापसाची काडी फिरवत होते. नमुना क्रमांक एक. वेळ लिहिण्यासाठी वही उघडली तेवढ्यात दारातून आवाज आला, "जोडे काढ."

मी मागे पाहिले. डोक्याला रुमाल बांधलेली, पन्नाशीची, सडपातळ बाई. एका खांद्यावर वाळलेल्या चादरींचा ढीग आणि नजर माझ्या पायांवर. "माह्या धुतल्या फरशीवर रस्त्यावरचे जोडे घालून कायले चढली? अन हा रबरी मोजा! याच हातानं दार उघडलं, याच हातानं नल धरला, आता याच हातानं गिलास धरशीन. तो मोजा तुले वाचवते वो पोरी, गिलासाले नाही."

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात मी वर्गात पहिली होते. माझ्या नमुना घेण्याच्या पद्धतीतला हा दोष माझ्या, माझ्या मार्गदर्शक सरांच्या आणि दोन सहाध्यायांच्या नजरेतून सुटला होता. तो पंचफुला रामटेके या चौथीपर्यंत शिकलेल्या सफाई कामगार बाईंनी उंबरठ्यावरून, अर्ध्या मिनिटात दाखवून दिला. त्या दिवसापासून मी प्रत्येक नमुन्याला नवा मोजा वापरला. प्रबंधातल्या 'पद्धती' या प्रकरणात तसे लिहिलेही आहे. ते कोणी सुचवले हे मात्र लिहिलेले नाही. पंचफुलाबाईंना जाऊन आता तीन वर्षे झाली. त्यांच्याविषयी लिहायला बसले की सर्वांत आधी मला माझाच राग येतो, म्हणून तो आधी नोंदवून ठेवते. इतरांवरचा राग पुढे क्रमाने येईल.

ते वर्ष स्वाइन फ्लूच्या भीतीचे होते. तांदूळ गिरण्यांची यंत्रे विकणारे प्रतिनिधी, लग्नाची वऱ्हाडे, नागझिऱ्याला निघालेले पर्यटक असे सगळे प्रकारचे लोक त्या लॉजवर उतरत, आणि भाडे विचारण्याआधी "रूम साफ है ना?" असे विचारत. मॅनेजरने या प्रश्नाचे उत्तर म्हणून दोन वस्तू आणल्या होत्या. एक, काउंटरवरची जंतुनाशकाची बाटली, जिच्यात पहिल्या आठवड्यानंतर बोरिंगचे पाणी असे. दुसरी, निळ्या अक्षरांत 'सॅनिटाइज्ड' असे छापलेल्या कागदी पट्ट्यांचे गठ्ठे. एक पट्टी कमोडवर आडवी, एक प्रत्येक ग्लासाभोवती. ती पट्टी फाडताना लोकांच्या चेहऱ्यावर उमटणारे समाधान मी अनेकदा पाहिले आहे. खोलीत शिरताच वॉशबेसिनमध्ये खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, थुंकणारा आणि नंतर बेसिन लाल असल्याची तक्रार करणारा माणूसही त्या पट्टीवर मनोभावे विश्वास ठेवत असे.

माझा विषय हाच होता: लॉजच्या खोल्यांमधल्या हाताळल्या जाणाऱ्या पृष्ठभागांवरचे जिवाणू. तोट्या, दिव्यांची बटणे, टीव्हीचा रिमोट, पाण्याचे ग्लास. पहिला मजला पंचफुलाबाईंकडे होता, दुसरा दुसऱ्या एका बाईकडे. मला आठवड्यातून दोनदा, खोल्या तयार झाल्यावर, म्हणजे अकरानंतर यायची परवानगी होती. बदल्यात निष्कर्षांची एक प्रत लॉजला द्यायची. मला ही अट निरुपद्रवी वाटली.

पंचफुलाबाईंच्या कामाला एक क्रम होता आणि तो त्या कोणासाठीही मोडत नसत. त्यांच्याकडे जुन्या लुगड्यांची तीन फडकी होती. हिरव्या काठाचे ग्लास आणि पाण्याच्या जगासाठी, लाल काठाचे तोटी-बेसिनसाठी, काळ्या काठाचे कमोडसाठी. तिन्ही वेगवेगळ्या खिळ्यांवर वाळत. एकदा मॅनेजरने घाईत लाल काठाने टेबल पुसले, तेव्हा त्यांनी त्याच्या देखत टेबल पुन्हा धुतले आणि ते फडके त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "घ्या, आता तोंड पुसा." त्याने ते हसण्यावारी नेले. हसण्यावारी नेणे हा त्याचा सर्व प्रश्नांवरचा उपाय होता.

ग्लास त्या उकळत. गच्चीवरच्या चुलीवर जर्मनचा मोठा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचे भांडे, त्यात बोरिंगचे पाणी आणि काच तडकू नये म्हणून तळाशी फडके. हे त्या कुठे शिकल्या याचा मी तेव्हा विचारही केला नव्हता. त्यांनीच एकदा सांगितले. तरुणपणी त्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रोजंदारीवर होत्या. काम एकच: काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळणे. "नर्सबाईनं घड्याल पाहाले शिकवलं मले. पानी खदखदलं की मंग मोजाचं. त्याच्या आधी मोजलं त मोजलंच नाही. वीस मिनिटं. चौदा वर्सं मोजली म्या, एका लेकराचा हात पिकला नाही." मग एकदाच वापरून टाकायच्या सिरिंजा आल्या आणि १९९९ साली त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आले. चौदा वर्षांच्या निर्जंतुकीकरणाचा दाखला त्यांना कोणी दिला नाही. असा दाखला असतो हेही त्यांना कोणी सांगितले नाही.

चादरींचे प्रकरण मला विशेष आवडते. गिऱ्हाईक दोन-चार तासच थांबले असेल तर चादर बदलायची नाही, उलटून अंथरायची आणि वरून इस्त्री फिरवायची, असा मॅनेजरचा नियम होता. पंचफुलाबाई खोलीत शिरत, चादर ओढत आणि थेट बादलीत बुडवत. मॅनेजर धावत आला की निरागसपणे म्हणत, "गेली बापा पान्यात." एकदा मी हसले, तर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हासते कायले? ओली चादर कोन उलटी करन? करून दाखव म्हनाव."

आता त्या प्रसंगाबद्दल, ज्यात मी तोंड उघडले नाही. नोव्हेंबरात एका वऱ्हाडातले गृहस्थ १०५ मध्ये उतरले होते. स्वतःचा साबण, स्वतःची उशीची खोळ, खिशात जंतुनाशकाची लहान बाटली. पंचफुलाबाई पाण्याचा जग घेऊन गेल्या. मी बाहेर बटणांचे नमुने घेत होते. त्यांनी जग ठेवला, तेव्हा गृहस्थांनी विचारले, "बाई, आडनाव काय तुमचं?"

"रामटेके."

गोंदियात आडनावावरून जात काढायला लोकांना दोन सेकंद पुरतात. त्यांना एकच लागला. त्यांनी खाली फोन केला आणि "दूसरा पानी भिजवाओ, और किसी दूसरे के हाथ से," असे सांगितले. मॅनेजर स्वतः जग घेऊन वर आला. तो जग दुसऱ्या मजल्यावरचा होता, आतून बुळबुळीत. मी आदल्याच आठवड्यात त्याचा नमुना घेतला होता. ते पाणी गृहस्थांनी माझ्यासमोर समाधानाने प्यायले.

जिन्यात पंचफुलाबाई मला म्हणाल्या, "त्याले किटानू दिसत नाही म्हनून भेव वाटते, अन माहा हात दिसते म्हनून भेव वाटते. मंग देवानं डोरे कायले देल्ले त्याले?" माझ्याकडे त्या जगाचा आकडा होता. तो मी त्या माणसाला सांगू शकले असते. मी वहीत 'नमुना ६१, बटण, १०५' असे लिहिले आणि पुढच्या खोलीकडे गेले. संशोधकाने निरीक्षणात हस्तक्षेप करू नये, असे मी स्वतःला समजावले. भित्रेपणाला विज्ञानाची भाषा किती सहज मिळते हे मला त्या दिवशी कळायला हवे होते.

डिसेंबरात मी पहिला तक्ता तयार केला. तो चांगला तक्ता होता: खोली, पृष्ठभाग, वेळ, सफाई कर्मचारी. नावे द्यायची नाहीत म्हणून पहिल्या मजल्यासाठी 'क', दुसऱ्यासाठी 'ख'. तोट्या, बटणे, रिमोट या सर्वांत 'क' सरस होती. ग्लासांत मात्र उलट. 'ख'च्या ग्लासांवर जिवाणूंच्या वसाहती तीस-चाळीस; 'क'च्या ग्लासांवर, एकामागून एक, 'मोजण्यापलीकडे'. सर खूष झाले. अनपेक्षित निष्कर्ष हा चांगल्या पोस्टरचा प्राण असतो, असे ते म्हणाले. अटीप्रमाणे मी एक प्रत लॉजवर दिली. दोनच मजले, दोनच बाया. 'क' कोण हे ओळखायला त्या मॅनेजरला एम.एस्सी.ची गरज नव्हती.

पुढच्या फेरीला गेले तर पहिल्या मजल्यावर नवी बाई होती. मॅनेजरने मला चहा मागवला. "मॅडम, आपके रिपोर्ट से बहुत फायदा हुआ. सेठजी ने पहले माले वाली को निकाल दिया. बहुत जबान चलाती थी."

मी तो चहा प्याले. तेही नोंदवते.

आकडे खोटे नाहीत, असे मी चार दिवस स्वतःला सांगत राहिले. पाचव्या दिवशी सायकल काढून फुलचूरला, त्यांच्या घरी गेले. पंचफुलाबाई अंगणात भांडी घासत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. "या मॅडम," त्या म्हणाल्या. आजवर मी 'पोरी' होते. "तुमचा कागद दाखवला त्यानं मले. म्हने, सायन्सनं सांगतलं तू घान आहेस म्हनून."

मी समजावू लागले, की नाव कुठेही लिहिलेले नाही, फक्त अक्षर आहे, आणि आकड्यांना हेतू नसतो. त्यांनी ऐकून घेतले. मग ओट्यावर उपडा ठेवलेला, उकळून वाळलेला गिलास उचलून माझ्यासमोर धरला. सूर्यप्रकाशात त्याच्या कडेला खडूसारखे पांढरे ठिपके दिसत होते.

"हे पाय. बोरिंगच्या पान्यात खदखदलेल्या गिलासावर असे पांढरे ठिपके राहतेत. माह्या हरेक गिलासावर राहत. तू घेतले त्या गिलासांवर होते का?"

मी आठवू लागले. आठवायची गरज नव्हती. एकाही ग्लासावर नव्हते. सगळे चकचकीत होते, पट्टी बांधलेले.

"मंग ते माहे गिलास नोयच. म्या साडेनवाले ठेवलेले गिलास तो मॅनेजर पुसे. गिऱ्हाइकानं सोडलेला टावेल राहे ना खोलीत, त्यानंच. गिऱ्हाइकाले डाग दिसते म्हने, चमक पाहिजे. वरच्या मजल्यावरचे नुसते नलाखाली खंगाललेले, त्याच्यावर डाग दिसत नाही, म्हनून ते पुसत नाही. मी किती भांडली त्याच्याशी."

"मला का नाही सांगितलं?"

"तू मले इचारलं काऊन नाही? तीन महिने माह्या खोल्यांत फिरून राहिली. नलाले इचारलं, बटनाले इचारलं, रिमोटाले इचारलं. त्यायले तोंड नाही. मले आहे."

जड पाणी उकळले की त्यातले क्षार काचेवर बसतात, हे रसायनशास्त्र अकरावीचे आहे. उकळलेला ग्लास चकचकीत असेल तर तो कोणीतरी पुसलेला आहे, हे अनुमान दहावीच्या मुलीलाही करता आले असते. साडेनऊ आणि अकरा यांच्यामधला दीड तास माझ्या तक्त्यात कुठेच नव्हता, कारण त्या दीड तासाविषयी विचारावे अशा कोणाशी मी बोललेच नव्हते. ज्या ग्लासांवर सर्वांत जास्त मेहनत झाली होती, तेच नेमके घाण होत होते. माझ्या तक्त्याने पुसणाऱ्याला मोकळे सोडले आणि उकळणारीला पकडले.

मी मॅनेजरकडे गेले. तो हसला. "प्रूफ है क्या, मॅडम?" मी सरांकडे गेले. ते म्हणाले, एका सफाई कामगाराच्या सांगण्यावरून तीन महिन्यांची माहिती बदलता येत नाही. शिवाय पोस्टर छापून आले आहे. हवे तर पुढच्या संशोधनाची दिशा म्हणून एक ओळ घाल. फेब्रुवारीत मी नागपूरला ते पोस्टर मांडले. त्याला दुसरे पारितोषिक मिळाले. मला पीएच.डी.ला प्रवेश हवा होता. मी ते घेतले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या दारात गडबड ऐकू आली. परिचर कोणाला तरी अडवत होता. "काऊन अडवून राहिला गा? मी चोरी कराले नाही आली," असे म्हणत पंचफुलाबाई आत आल्या. एका हातात चादरीत बांधलेला जर्मनचा गंज, दुसऱ्या हातात पाच लिटरचा डबा. डब्यात लॉजच्याच बोरिंगचे पाणी होते. त्यांनी ते मागच्या नळावरून, भर दुपारी, कोणाला न विचारता भरून आणले होते. पिशवीत दोन ग्लास आणि एक ओला, वापरलेला टॉवेल. तोही तिथलाच. दारात त्यांनी चपला काढल्या आणि माझ्याकडे पाहिले. मीही काढल्या.

"मोज," त्या म्हणाल्या.

मी तिवई लावली, बर्नर पेटवला. पाणी खदखदेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "आता धर." वीस मिनिटे त्यांनी घड्याळावरून नजर हलवली नाही. दोन्ही ग्लास त्यांनी चिमट्याने काढले, उपडे ठेवले, आपोआप कोरडे होऊ दिले. दोन्हींवर पांढरे ठिपके आले. एक त्यांनी माझ्या हातात दिला: "हा मॅनेजरवानी पूस." मी पुसला. तो लख्ख झाला. कडेवरून काडी फिरवली, नवा मोजा घातला, दुसऱ्या ग्लासावरून दुसरी काडी फिरवली. दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. पुसलेल्या ग्लासाची, वसाहतींनी भरलेली प्लेट उजेडाकडे धरून दाखवली तेव्हा बराच वेळ पाहत राहिल्या. "एवढे?" एवढेच म्हणाल्या. मग, "लिहून दे. मराठीत. माह्या नावानं."

विभागाचा शिक्का मारायला सरांनी नकार दिला. मी फक्त माझी सही केली आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव लिहिले.

सुखान्ताची वाट कोणी पाहू नये म्हणून पुढचे आधी सांगते. काम त्यांना परत मिळाले नाही. त्या एका मंगल कार्यालयात भांडी घासू लागल्या आणि आजारी पडेपर्यंत तिथेच होत्या. तिथे ग्लास उकळायची मुभा नव्हती. लॉजवर अजूनही कागदी पट्ट्या लागतात. पीएच.डी.साठी मी हैदराबादला गेले. पारितोषिकाचे प्रमाणपत्र अर्जाला जोडलेले होते.

पण त्या कागदाचे काय झाले, ते राहिले. पंचफुलाबाई मला सोबत घेऊन सरळ लॉजच्या काउंटरवर गेल्या. गर्दी होती. चार-पाच गिऱ्हाइके, कोणी पाणी पीत होते, कोणी नाव लिहीत होते. त्यांनी कागद मॅनेजरसमोर ठेवला.

"क्या है ये? काम चाहिए क्या फिर से?"

"काम नाही पाहिजे. तू मले सायन्सचा कागद वाचून दाखवला होता ना? आता हा वाच. जोरानं वाच."

त्याने हसत हसत, अडखळत्या मराठीत सुरुवात केली. "लॉजच्या बोरिंगच्या पाण्यात वीस मिनिटे उकळलेले दोन ग्लास. ग्लास पहिला. उकळल्यानंतर याच लॉजमधल्या वापरलेल्या टॉवेलने पुसलेला. कडेवरील वसाहती, मोजण्या..." तिथे तो थांबला. काउंटरजवळच्या एका गिऱ्हाइकाने हातातला चकचकीत ग्लास खाली ठेवला. दुसऱ्याने विचारले, "कौन सा तौलिया?" मॅनेजरने कागदाची घडी केली. "अरे जाओ बाई, यहाँ तमाशा मत करो."

पंचफुलाबाईंनी त्याच्या बोटांतून कागद काढून घेतला, उलगडला आणि माझ्यासमोर धरला. "अजून एक लाइन राहिली. तू वाच."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी वाचले, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने: "ग्लास दुसरा. उकळणारी, पंचफुला रामटेके. न पुसलेला, पांढरे ठिपके असलेला. अठ्ठेचाळीस तासांनंतर वसाहती: दोन."